धुक्यात कुणी बोलायचं?

 

मागच्या पत्रात शरणागतीविषयी लिहिलं होतं. त्यावर इंदूर, बडोदा, बेळगाव सगळीकडून निरोप आले. बहुतेकांच्या मनात एकच शंका दिसली. सगळं गुरूंवर सोपवलं, मग आपण करायचं काय उरतं? ह्याचं उत्तर पोथीतून देता येईल, पण ह्या वेळी जरा वेगळ्या वाटेने जाऊ. विषय आहे शिडाची नाव. मंडळी हसतील, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांनी मांडवी ओलांडणारी फेरीबोट सोडली तर दुसरी नाव पाहिलेली नाही. पण आमच्या इथल्या एका गुरुबंधूंचा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे तो अशा नावेवर हौसेने खलाशी म्हणून जातो. त्याने सांगितलेलं ऐकलं, मग त्यावर वाचलं, आणि गेले कित्येक दिवस तोच विषय डोक्यात आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अगदी वर, उत्तरेला मेन नावाचं राज्य आहे. थंडी लागायच्या आत तिथल्या बऱ्याच छोट्या नावा दक्षिणेकडे निघतात, फ्लोरिडाच्या उबेकडे. नाव असते ४०-४२ फुटांची, माणसं तीन किंवा चार. मेनचं पाणी उन्हाळ्यातसुद्धा हाडं गोठवील इतकं गार असतं. नैर्ऋत्येकडून आलेली उबदार, दमट हवा त्या गार पाण्यावर आली की तिच्यातली वाफ थिजते आणि बघता बघता धुकं उभं राहतं. आपल्या ग्वाल्हेरकरांना जानेवारीतलं धुकं माहीत आहे, पण ते बहुधा रात्री धरतं आणि ऊन चढलं की विरतं. हे धुकं भर दुपारी वाऱ्याबरोबर चालत येतं आणि दोन दोन दिवस हलत नाही. नावेच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून बसलेल्याला पुढचं टोक पुसट दिसतं, आणि त्यापलीकडे काही नाही.

अशा वेळी पहिला धोका खडकाचा नसून स्वतःच्या मनाचा असतो. माणसाला वाटतं आपण सरळ चाललोय, आणि नाव हळूहळू गोल फिरत असते. कान सांगतात लाटा डावीकडे फुटतायत, मन सांगतं मग उजवीकडे वळ. धुक्यात आवाजाची दिशा फसवी असते. दूरचा भोंगा जवळ वाटतो, जवळचा ऐकूच येत नाही, कड्यावर आपटून परत आलेला आवाज भलतीकडून येतो. म्हणून शिकवण अशी, की मनाला काहीही वाटो, होकायंत्र जे दाखवतं त्यावरच नाव धरायची. नवशिक्याला हे फार जड जातं. अंगातला कण न् कण म्हणत असतो की यंत्र चुकतंय.

इथपर्यंत आपल्याला सगळं ओळखीचं वाटेल. मनाचे कौल बाजूला ठेवून दिलेल्या वाटेवर राहायचं, हेच तर आपण शिकलो. आम्हालाही इथे थांबून ‘बघा, होकायंत्र म्हणजे सद्गुरू’ असं लिहून टाकण्याचा मोह झाला होता. लेख अर्ध्या पानात संपला असता.

पण होकायंत्राला समोरून येणारं जहाज दिसत नाही. ते उत्तर कुठे आहे ते सांगतं, आणि तेवढंच सांगतं. समोर कोण आहे हे बघायचं काम माणसांवरच राहतं. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यात हे स्पष्ट आहे. प्रत्येक जहाजाने सतत डोळ्यांनी आणि कानांनी, शिवाय हाताशी असेल त्या प्रत्येक साधनाने टेहळणी ठेवली पाहिजे. रडार आहे म्हणून डोळे मिटायची सूट नाही, आणि कप्तान अनुभवी आहे म्हणूनही नाही.

मग ही तीन-चार माणसं काय करतात? वेग कमी करतात. जुना ठोकताळा असा, की जेवढं दिसतं त्याच्या निम्म्या अंतरात नाव थांबवता आली पाहिजे, कारण समोरचाही तेवढंच अंतर कापत येत असतो. एकजण नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, जाऊन बसतो. इंजिन चालू असेल तर मधूनमधून बंद करतात, नुसतं ऐकायला. शेवंडं पकडणाऱ्या कोळ्यांच्या पिंजऱ्यांचे रंगीत बोये त्या किनाऱ्यावर इतके असतात, की त्यांच्या दोरीत पंखा अडकायची भीती सारखी असते. पण तेच बोये उपयोगीही पडतात. बोया कुठल्या बाजूला कलला आहे ते पाहिलं की पाण्याची ओढ कुठे आहे ते कळतं. आणि दर दोन मिनिटांनी भोंगा वाजवायचा. शिडावर चालणाऱ्या नावेने एक लांब आणि दोन आखूड. इंजिनावरच्या जहाजाने एक लांब.

नाळेवर बसलेला बहुतेक वेळा चमूतला सगळ्यात लहान किंवा नवा माणूस असतो, कारण सुकाणू आणि नकाशा जाणत्यांकडे. त्याच्याविषयी त्या मुलाने जे सांगितलं ते आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. निघायच्या आधीच कप्तान त्याला बजावतो, की तुला काही दिसलं, ऐकू आलं, किंवा नुसता भास झाला, तरी लगेच सांग. खरं-खोटं मी ठरवीन. दहा वेळा भास निघाला तरी चालेल. आणि चांगला कप्तान त्या दहाही वेळा ‘बरं’ म्हणतो, ओरडत नाही. एकदा ओरडला की अकराव्या वेळी तो पोरगा गप्प बसतो, मग जे व्हायचं ते होतं.

आता ज्या प्रश्नामुळे हे सगळं लिहायला घेतलं तो सांगतो. मागच्या पत्रानंतर आपल्यातल्या एका ताईंनी आम्हाला वेगळा निरोप पाठवला. गाव, नाव काही सांगत नाही. घरी सासऱ्यांचं जुनं दुकान आहे. माणूस कर्तबगार, सगळ्या कुटुंबाला त्यांनीच उभं केलं, आणि घरात गुरुसेवा आणली तीही त्यांनीच. पण वर्षभरात ते विसरायला लागलेत. एकच रक्कम वहीत दोनदा लिहिली जाते. दिलेले पैसे दिले नाहीत म्हणतात. एकदा स्कूटर घेऊन निघाले आणि रोजच्या वळणावर चुकले. मुलगे बघतात आणि बोलत नाहीत. कुणी विषय काढलाच तर म्हणतात, महाराजांवर सोडलंय, ते बघून घेतील. ताई सून आहेत, घरात सगळ्यांत शेवटी आलेल्या. त्यांचा प्रश्न असा: मी बोलले तर तो बाबांचा अपमान आणि महाराजांवरचा अविश्वास होईल का?

आम्ही तिघांनी ह्यावर बरीच चर्चा केली आणि आमचं एकमत झालं. ताई, तुम्ही नाळेवर बसला आहात. पुढचं तुम्हाला दिसतंय, कारण तुमची जागाच तिथे आहे. हिशेबाच्या वह्या तुमच्या हातात येतात. जे दिसलं ते सांगणं हे तुमचं कामच आहे, त्यात अविश्वास कुठला? उलट ‘महाराज बघून घेतील’ ह्या वाक्यात मुलगे जे करतायत ते आम्हाला शरणागतीसारखं वाटत नाही. अवघड गोष्ट वडिलांच्या तोंडावर बोलायची भीती वाटते, आणि त्या भीतीवर महाराजांचं नाव पांघरलंय, एवढंच ते आहे. शरणागती म्हणजे आपलं काम पूर्ण करून फळाची चिंता सोडणं. इथे काम सोडलंय आणि चिंता तशीच आहे. रात्री झोप लागत नाही असं मुलगेही कबूल करतात, असं ताईंनीच लिहिलंय.

आता कुणी म्हणेल, घर म्हणजे काही नाव नव्हे. वडीलधाऱ्यांपुढे सुनेने बोलायचं म्हणजे आपल्याकडे साधी गोष्ट नाही. हे अगदी मान्य. म्हणून कसं बोलायचं तेही नावेवरूनच घेऊ. नाळेवरचा माणूस ‘कप्तान, तुमचं लक्ष नाही’ असं ओरडत नाही. तो म्हणतो, ‘डावीकडे, भोंगा, जवळ.’ दिशा, वस्तू, अंतर. मत सांगत नाही, फक्त दिसलं ते सांगतो. तसंच ‘बाबा, तुम्ही हल्ली विसरता’ हे मत झालं, आणि ते कुणालाही झोंबेल. ‘बाबा, मंगळवारच्या पानावर ही रक्कम दोनदा आली आहे, बघता का?’ हे दिसलेलं झालं. दुसरं म्हणजे तो कप्तानाला सांगतो, आजूबाजूच्या नावांना नाही. घरातली गोष्ट आधी माहेरी, मग शेजारी, मग व्हॉट्सॲपच्या समूहात, आणि ज्यांची आहे त्यांना कधीच नाही, हा उलटा रस्ता आपल्याकडे फार चालतो. डॉक्टरांकडे न्यायचं ते मात्र मुलांनीच न्यावं. स्मृतीच्या तक्रारींमागे कधी कधी अगदी साधी, बरी होणारी कारणंही असतात, थायरॉइड किंवा जीवनसत्त्वाची कमतरता असली. उशीर केला तर ती संधीही जाते.

आणि कप्तानाने ऐकलंच नाही तर? इथे आम्ही अडलो. नावेवर ह्याचं उत्तर सोपं आहे. पटत नसेल तर धक्क्यावरच उतरायचं, एकदा निघाल्यावर कप्तानाचा शब्द शेवटचा. घरात कुणी तिकीट काढून चढलेलं नसतं आणि कुणाला उतरताही येत नाही. आमच्यातल्या एकांचं म्हणणं, पुन्हा पुन्हा सांगत राहावं. दुसऱ्यांचं म्हणणं, स्कूटरची किल्ली तेवढी उचलून ठेवावी आणि शिव्या खाव्यात. दुसरं मत आम्हाला जास्त खरं वाटतं, कारण रस्त्यावर दुसऱ्यांची लेकरंही असतात.

ह्या दुसऱ्यांच्या लेकरांवरून आठवलं. १९५६ सालच्या २५ जुलैच्या रात्री ह्याच किनाऱ्याजवळ, नँटकेट बेटाच्या दक्षिणेला, आंद्रेया दोरिया हे इटालियन प्रवासी जहाज आणि स्टॉकहोम हे स्वीडिश जहाज एकमेकांवर आदळली. दोन्ही मोठी जहाजं, दोन्हींवर रडार, आणि दोघांनीही एकमेकांना रडारवर कितीतरी आधी पाहिलेलं. आंद्रेया दोरिया धुक्यात होतं आणि वेग नावापुरताच कमी केलेला. एकाला वाटलं दुसरा उजव्या अंगाने जाणार, दुसऱ्याला वाटलं पहिला डाव्या अंगाने जाणार. शेवटी एक डावीकडे वळलं, एक उजवीकडे, आणि नेमकी गाठ पडली. ५१ माणसं गेली. बाकीच्या दीड हजारांहून जास्त लोकांना आजूबाजूच्या जहाजांनी धावून येऊन वाचवलं. पुढे दोन्ही कंपन्यांनी कोर्टाबाहेर तडजोड केली, त्यामुळे दोष कुणाचा ह्याचा निकाल कधी लागलाच नाही. आम्हाला त्यात सलते ती गोष्ट वेगळी. दोघांनी एकमेकांना पाहिलं, दोघांनी मनाशी अंदाज बांधला, आणि टक्कर होईपर्यंत रेडिओवर कुणी कुणाला विचारलं नाही, बाबा रे, तू कुठल्या बाजूने चाललास? एका घरातले दोन भाऊ वर्षानुवर्षं असेच राहतात. एकमेकांच्या हालचाली बारकाईने बघतात, अर्थ लावतात, बोलत नाहीत.

समुद्राच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे. स्वच्छ हवेत, जहाजं एकमेकांना दिसत असताना, मान ठरलेला असतो. इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यायची, अमक्याने तमक्याला. धुक्यात, जिथे एकमेकांना दिसतच नाही, तिथे हा मान संपतो. पुढून भोंगा ऐकू आला की प्रत्येकाने वेग कमी करायचा, गरज पडली तर अगदी थांबायचं. ‘वाट माझी आहे’ असं म्हणायची सोय कुणालाच नाही. ताईंच्या घरी दुखणं आलंय ते असंच धुकं आहे. थोरला मुलगा कोण, कुणी आधी बोलायचं, सुनेचा अधिकार किती, हे प्रश्न उन्हातले आहेत.

बरं, थांबलं म्हणजे सुटलो का? तेही नाही. कुठेतरी आडोशाला नांगर टाकून धुकं जायची वाट बघणं हे पुष्कळदा सगळ्यात शहाणपणाचं असतं, आणि जाणते कप्तान त्यात कमीपणा मानत नाहीत. पण नांगरलेल्या जहाजानेही दर मिनिटाला पाचेक सेकंद घंटा वाजवायची असते. छोट्या नावांना त्यात सवलत आहे, तरी दोन मिनिटांत काही ना काही आवाज करावाच लागतो, निदान पातेलं बडवा. आपण थांबलोय हे दुसऱ्यांना कळलं पाहिजे. रेल्वेत नोकरी केलेल्या ग्वाल्हेरच्या मंडळींना आठवत असेल, धुक्याच्या रात्री गँगमन सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाके लावून यायचा. इंजिन त्यावरून गेलं की आवाज व्हायचा आणि ड्रायव्हरला कळायचं, सिग्नल जवळ आलाय. थंडीत कुडकुडत कुणीतरी जाऊन तो लावलेला असे. जो उपासनेला बसला, मौनात गेला, संसारातून थोडा बाजूला झाला, त्यानेही घरच्यांना आपण कुठे आहोत ते कळवत राहावं असं आम्हाला वाटतं. आपल्यातले काही साधक ह्यावर रागावतील. रागवा, पण घरी फोन करा.

नाव पुढे दक्षिणेकडे जाते. केप कॉडच्या वाकड्या भूशिराला वळसा घालायचा तर उथळ वाळूत पूर्वी किती जहाजं गेली. म्हणून तिथे १९१४ साली कालवा उघडला. त्यात पाण्याची ओढ ५ नॉटपर्यंत जाते आणि भरती-ओहोटीबरोबर दिशा बदलते. ह्या नावेचं इंजिन ६ नॉटने चालणारं, म्हणजे उलट्या ओढीत गेलात तर काठावर सायकल चालवणारी पोरं पुढे निघून जातील. कोष्टक बघून वेळ साधायची, एवढाच उपाय. आणि ह्या कालव्यात नुसत्या शिडावर जायला बंदी आहे, इंजिन लावावंच लागतं.

त्याहून खाली, व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून, किनाऱ्याच्या आतून जाणारी नद्या-खाड्या-कालव्यांची लांबलचक वाट सुरू होते. बाहेर केप हॅटरसचा भयंकर समुद्र, आत शांत पाणी. आपल्या गोव्याच्या वाचकांना हे सांगायला नको. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा बांध धोक्याचा होतो, तेव्हा बार्जवाले कुंभारजुव्याच्या कालव्याने झुवारीत उतरून मुरगावला जातात. (त्या कालव्यात मगरी आहेत. शांत वाटेचंही काही असतंच.)

आतल्या वाटेवर धुकं क्वचित, सगळं लख्ख दिसतं, आणि तिथेच नावा रुततात. पाणी मैल-दीड मैल रुंद पसरलेलं, पण खोल वाट मधे एक चिंचोळी पट्टी. दोन खुणांच्या मधे थोडं बाजूला सरकलं की गुडघाभर चिखल. धुक्यात चौघे डोळ्यांत तेल घालून बसतात, इथे एकजण चहा करतो, एकजण फोन बघतो. आपल्या सत्संगाची हजेरी कुणाच्या घरी दुखणं आलं की वाढते आणि मुलाला नोकरी लागली की कमी होते, हे हजेरीवही ठेवणाऱ्यांना चांगलं माहीत आहे.

त्या वाटेवर एक जुना कालवा लागतो, डिस्मल स्वाम्प नावाच्या दलदलीतून काढलेला. १८०५ साली तो सुरू झाला. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस, झाडांच्या सालीपानांतला रस उतरून तसं झालेलं. दोन्ही टोकांना लॉक आहेत, दिवसातून ठरावीक वेळीच उघडतात, तोवर रांगेत थांबायचं. खोली जेमतेम सहा फूट. दोन्ही बाजूंना झाडं, वारा नाही, लाट नाही. जाणारे सगळे म्हणतात की इतकी शांत जागा साऱ्या प्रवासात नाही.

तो कालवा गुलामांनी खणला. मालकांकडून भाड्याने आणलेली माणसं, कंबरभर चिखलात, फावड्याकुऱ्हाडीने, बारा वर्षं. त्यांची नावं बहुतेक कुठे लिहिलेली नाहीत. आणि त्याच दलदलीत आत खोलवर, जिथे कुणी मालक पाठलाग करू शकत नसे, तिथे पळून गेलेले गुलाम वस्ती करून राहत. बाहेरच्यांसाठी काढलेली सोपी वाट आणि स्वतःच्या सुटकेची अवघड जागा, दोन्ही एकाच रानात, हाकेच्या अंतरावर.

आपण ‘वाट गुरूंनी दाखवली’ म्हणतो ते खरंच आहे. पण आपली घरं इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत पिढ्यान् पिढ्या सुखाने चालली त्या वाटा कुणाकुणाच्या हातांनी खणल्या, ते आपण किती वेळा विचारलं? ताईंच्या सासऱ्यांच्या दुकानात तीस वर्षं एक नोकर आहे, असं त्यांनी जाता जाता लिहिलं होतं. वहीतली दोनदा लिहिलेली रक्कम पहिल्यांदा त्याच्या लक्षात आली होती. त्याला कुणी विचारलं नाही आणि तोही बोलला नाही. ताई, बाबांकडे जाल तेव्हा आधी त्याच्याजवळ बसून घ्या, त्याला आणखी बरंच ठाऊक असेल.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येऊन गेला आहे, त्यांनी तो समूहात न टाकता आम्हाला वेगळा कळवावा. नावं काढून ताईंपर्यंत पोचवू. पुढच्या गुरुवारी पारायणानंतर अर्धा तास ह्याच विषयाला ठेवला आहे, सुनांनी आणि धाकट्यांनी आधी बोलायचं.